नारळीकर वाचताना : थोडे कौतुक, थोडी तक्रार

जयंत विष्णू नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. अशा प्रसंगी शाळेच्या फलकावर काय लिहिले जाते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. जन्म १९ जुलै १९३८, कोल्हापूर. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. केंब्रिजमध्ये उच्च शिक्षण, फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन. वयाच्या २६ व्या वर्षी पद्मभूषण. १९७२ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९८८ पासून पुण्याच्या ‘आयुका’चे संस्थापक संचालक. १९९६ साली युनेस्कोचे कलिंग पारितोषिक, २००४ साली पद्मविभूषण, २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. फलक भरला. मुलांनी तो वहीत उतरवून घेतला की पुढच्या प्रश्नमंजूषेची तयारीही झाली.

यातली एकही नोंद चुकीची नाही. परंतु हा फलक वाचून एखाद्या चौकस मुलीने विचारले की, ‘सर, यांनी शोध कशाचा लावला?’ तर आपण काय उत्तर देणार? आम्हांला वाटते, नारळीकरांचा विचार इथून सुरू करावा. कारण प्रामाणिक उत्तर असे आहे की, ज्या सिद्धांतासाठी ते तरुणपणी जगभर गाजले, तो आज बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांना मान्य नाही. हे उत्तर द्यायला शिक्षक कचरतात. त्यांच्या मोठेपणाला त्याने बाध येईल असे वाटते. आम्हांला मात्र वाटते की, शिक्षकाला त्यांच्याकडून घेण्यासारखे सर्वांत मोलाचे याच उत्तरात आहे. आणि त्यांच्या लोकप्रिय लेखनाविषयीची आमची एक तक्रारही इथूनच निघते.

आधी तो सिद्धांत. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर चालल्या आहेत, विश्व प्रसरण पावत आहे, याबद्दल वाद नव्हता. वाद होता त्याच्या अर्थाबद्दल. विश्व पसरत असेल तर पूर्वी ते दाट असणार, आणि फार पूर्वी फारच दाट आणि तप्त, असे एका पक्षाचे म्हणणे. १९४८ साली हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी दुसरी शक्यता मांडली. विश्व पसरते आहे, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते. त्यामुळे विश्वाचे रूप सदासर्वकाळ सारखेच राहते. त्याला आरंभ नाही. नवे द्रव्य किती हवे? ढोबळ हिशेब केला तर एका घनमीटर जागेत अब्ज वर्षांत एखादा हायड्रोजनचा अणू. म्हणजे प्रयोगशाळेत ते पकडता येण्याची सोय नाही. पहिल्या पक्षाच्या कल्पनेला ‘बिग बँग’ हे नाव १९४९ साली बीबीसीच्या एका भाषणात हॉईल यांनीच दिले, आणि ते विरोधकाने दिलेले नाव कायमचे चिकटले.

हा सिद्धांत नुसता बोलण्यापुरता नव्हता; त्याची परीक्षा घेता येत होती. विश्व सदैव सारखे असेल तर दूरचे, म्हणजे पूर्वीचे, विश्वही आजच्यासारखेच दिसले पाहिजे. केंब्रिजमधल्याच मार्टिन राईल यांनी रेडिओ स्रोतांची मोजदाद केली आणि मंद, दूरचे स्रोत अपेक्षेपेक्षा अधिक भरतात, असे १९६१ साली जाहीर केले. हॉईल-पक्षाचे उत्तर रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत देण्याचे काम आले बावीस वर्षांच्या नारळीकरांवर. हॉईल त्या दिवशी दुसरीकडे गुंतले होते. गुरु-शिष्यांचे उत्तर असे होते की, दीर्घिका विश्वात एकसारख्या विखुरलेल्या नसून त्यांच्या समूहांचेही मोठे समूह असतील, तर स्थिर विश्वातही मोजणीत असा फरक दिसू शकतो. असे महासमूह असतात, हे तेव्हा पुष्कळांना पटले नव्हते. पुढे ते खरोखरच सापडले.

इथे शिक्षकांनी क्षणभर थांबावे. महासमूह सापडले म्हणून स्थिर विश्व वाचले का? नाही. १९६५ साली पेन्झिआस आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी सारखेच येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण आढळले. त्याचे तापमान निरपेक्ष शून्यापेक्षा तीन अंशांहूनही कमीच वर आहे. तप्त आरंभाची ती विझत आलेली धग, असा त्याचा सरळ अर्थ लागतो; स्थिर विश्वात तिला सहज जागा नाही. म्हणजे अंदाज बरोबर निघाला आणि तो ज्याच्या बचावासाठी केला होता तो सिद्धांत मागे पडला. पाठ्यपुस्तकातल्या विज्ञानात असे कधी घडत नाही. तिथे बरोबर माणसांचे सगळे बरोबर आणि चुकलेल्यांचे सगळे चूक असते.

नारळीकरांनी मैदान सोडले नाही. १९९३ साली हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी जुन्या कल्पनेची सुधारलेली आवृत्ती मांडली. तीत एका महास्फोटाऐवजी अनेक लहान निर्मितिस्फोट आहेत. सूक्ष्मलहरींचे प्रारण म्हणजे ताऱ्यांचाच प्रकाश, लोहाच्या सुईसारख्या धूलिकणांनी शोषून पुन्हा उत्सर्जित केलेला, असे तिचे म्हणणे. आमचे मत सांगायचे तर, पुराव्याचे पारडे दुसऱ्या बाजूला बरेच जड आहे. या प्रारणातल्या बारीक चढउतारांची नक्षी कशी असावी, हे महास्फोटाच्या सिद्धांताने मोजमापाच्या आधी वर्तवले होते, आणि डब्ल्यूमॅप व प्लँक या उपग्रहांनी ती तशी मोजून दाखवली. नंतर जुळवून घेणे आणि आधी सांगणे यांत फरक असतो. वर्गात शिक्षकाने महास्फोटाचा सिद्धांतच मुख्य म्हणून शिकवला पाहिजे, यात शंका नको.

परंतु नारळीकरांनी स्वतः काय केले ते पाहावे. विश्वरचनाशास्त्रावरील त्यांचे इंग्रजी पाठ्यपुस्तक देशोदेशींच्या विद्यार्थ्यांनी वापरले. त्यात बहुतांश पाने प्रचलित सिद्धांताला दिली आहेत, आणि पर्यायी मतांना त्यांच्या जागी वेगळे प्रकरण आहे. ज्या मताशी आयुष्यभर भांडण, तेच मत विद्यार्थ्याला नीट, गणितासह समजावून द्यायचे आणि मग आपली शंका वेगळी नोंदवायची. हे वाटते तेवढे सोपे नाही. आपल्यापैकी कितीजण न पटणारा पाठ इतक्या सचोटीने शिकवतात, हे ज्याने त्याने पाहावे.

आता तक्रार. हा जो वाद घालणारा, हरणाऱ्या बाजूनेही नेटाने उभा राहणारा शास्त्रज्ञ आहे, तो त्यांच्या विज्ञानकथांत फारसा भेटत नाही.

त्यांच्या कथालेखनाची सुरुवात सर्वांना माहीत आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. आद्याक्षरे उलटी केली, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती मंगलाताईंच्या हातून लिहून घेतली. पहिले बक्षीस मिळाले. नावाच्या वजनावर गुण पडू नयेत यासाठीची ती खबरदारी होती. परीक्षकाला उमेदवार माहीत नसावा, हे शास्त्रीय चाचणीचेच तत्त्व त्यांनी स्वतःला लावून घेतले. पुढे १९७९ साली ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ या कादंबऱ्या आल्या, आणि मराठीत विज्ञानकथेकडे पाहण्याची दृष्टी बदलली. भाषा सरळ आहे, मराठी घरातली माणसे आहेत, विज्ञानाची कल्पना कथेला वरून चिकटवलेली नसून कथाच तिच्यावर उभी आहे. या सर्व गोष्टी आम्ही मान्य करतो. पात्रे पातळ आहेत असे समीक्षक म्हणतात, तेही खरे. पण ती आमची तक्रार नाही.

‘धूमकेतू’ ही कथा घ्या. दत्त नावाचे एक हौशी बंगाली आकाशनिरीक्षक नवा धूमकेतू शोधतात. तो पृथ्वीवर आदळणार, असे गणिताने निघते. जगातले निवडक शास्त्रज्ञ एकत्र जमतात, अण्वस्त्रे घेऊन यान पाठवतात आणि धूमकेतूची वाट बदलतात. इकडे घरात इंद्राणीदेवी अरिष्ट टळावे म्हणून यज्ञ करवतात. अरिष्ट टळते. घरातली मंडळी श्रेय यज्ञाला देतात आणि दत्त खिन्न होतात.

कथा वाचून झाली की वर्गात सगळी मुले दत्तांच्या बाजूची असतात. लेखकालाही तेच हवे आहे. पण आम्हांला इंद्राणीदेवींची बाजू मांडाविशी वाटते. यानाची मोहीम गुप्त होती. लोकांत घबराट नको म्हणून शास्त्रज्ञांनी ती कुणाला कळू दिली नाही. मग इंद्राणीदेवींच्या हाती पुरावा कोणता? धूमकेतू आला, यज्ञ केला, धूमकेतू गेला. एवढ्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे हे खरे, परंतु तो चुकीचा आहे हे कळण्याचे साधन त्यांच्यापासून कोणी काढून घेतले? कथा हा प्रश्न विचारत नाही. तिच्या मते विवेक शास्त्रज्ञांकडे आहे आणि अज्ञान घरात आहे. सगळी माहिती आपल्याकडे ठेवायची आणि लोकांनी वैज्ञानिक दृष्टी बाळगली नाही म्हणून खंत करायची, हा प्रकार कथेबाहेरही आपल्या परिचयाचा आहे. वर्गात मूल ‘का?’ विचारते आणि आपण ‘पुस्तकात दिले आहे’ म्हणतो, तेव्हा आपणही थोडेफार तेच करतो. कथा लिहिली गेली त्यानंतर कित्येक वर्षांनी, २६ सप्टेंबर २०२२ रोजी, नासाचे ‘डार्ट’ यान डिमॉर्फोस नावाच्या लहानशा खगोलावर मुद्दाम आदळवण्यात आले आणि त्याचा प्रदक्षिणाकाल सुमारे अर्ध्या तासाने कमी झाला. हा आघात जगभरच्या लोकांनी थेट पाहिला. इंद्राणीदेवींना तो घरबसल्या पाहता आला असता, तर त्यांनी यज्ञाबद्दल काय म्हटले असते? कथेवर चर्चा घ्यायची तर हा प्रश्न घ्यावा.

याउलट ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. तिचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या वाचनपुस्तकात घेतले गेले, त्यामुळे ती मराठीबाहेरच्या मुलांनीही वाचली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जागे होतात, जिथे १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकले आहेत. ते काय करतात? आश्चर्याने तोंडात बोट घालून बसत नाहीत. मुंबईला जाऊन टाउन हॉलमधले ग्रंथालय गाठतात आणि इतिहास कुठे वळला ते पान शोधतात. विश्वासरावांना लागलेली गोळी इथे कानाजवळून निसटून गेली आहे. परत आपल्या जगात आल्यावर त्यांचे म्हणणे राजेंद्र देशपांडे या शास्त्रज्ञाला आधी कल्पनाविलासच वाटते. मग पंत खिशातून बखरीचे फाटके पान काढतात, आणि बोलणे बदलते. इथे शास्त्रज्ञ शंका घेतो, इतिहासकार पुरावा देतो, आणि दोघे मिळून अर्थ लावायला बसतात. (हजाराव्या सभेचे अध्यक्षपद न स्वीकारण्याचा पंतांचा निर्णय ज्यांनी शालेय समारंभांत उन्हातान्हात बसून अध्यक्षीय भाषणे ऐकली आहेत त्यांना विशेष आवडेल.)

शेवटचा भाग मात्र कच्चा आहे. पुंजभौतिकीत एखाद्या इलेक्ट्रॉनचे ठिकाण निश्चितपणे सांगता येत नाही, म्हणून अख्खा प्राध्यापक एका जगातून दुसऱ्या जगात जाऊ शकतो, ही उडी फार लांब आहे. इलेक्ट्रॉनपुरते जे खरे ते ट्रकखाली येणाऱ्या माणसाला का लागू पडत नाही, हा भौतिकीतला मोठाच प्रश्न. कथेतला शास्त्रज्ञ तो दोन वाक्यांत ओलांडतो. कथेला तेवढी सूट असते. फक्त शिक्षकाने ती सूट आहे हे सांगावे, नाहीतर मुले तो सिद्धांत समजून बसतात.

नारळीकरांच्या लोकाभिमुख कामातले सर्वांत सरस प्रकरण आमच्या मते कथेत नाही, ग्रंथातही नाही. ते एका प्रयोगात आहे. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांतून ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरवले, तेव्हा विरोध करणाऱ्यांत नारळीकर होते. पण विरोधाची पत्रके पुष्कळ निघतात. २००८ साली त्यांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी ज्योतिषाचा अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची सरळ चाचणीच घेतली. शंभर हुशार मुले आणि शंभर मतिमंद मुले यांच्या जन्मवेळा जमवून दोनशे पत्रिका तयार केल्या. त्यांची सरमिसळ केली. भाग घेणाऱ्या ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पत्रिका पाठवायच्या आणि त्याने प्रत्येक पत्रिका कोणत्या गटातल्या मुलाची ते सांगायचे. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सगळ्यांचे मिळून यश सुमारे ४६ टक्के भरले. एका संस्थेने सर्व दोनशे पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून साधारण हेच मिळते.

याचे गणित नववी-दहावीच्या मुलांनाही करता येईल. चाळीस वेळा नाणे उडवले तर सरासरी वीस छापे. पण बरोबर वीसच येतील असे नाही. सतरा ते तेवीस हे नेहमीचेच. सत्तावीस ज्योतिषांपैकी सर्वांत यशस्वी ज्योतिषाची चोवीस उत्तरे बरोबर होती. चाळिसात चोवीस! वर्तमानपत्रात त्या एकट्याचीच बातमी आली असती तर? परंतु सत्तावीस मुलांना प्रत्येकी चाळीस वेळा नाणे उडवायला लावले, तर त्यांतल्या तीन-चार मुलांना चोवीस किंवा अधिक छापे मिळण्याची अपेक्षा धरावी लागते. अठ्ठावीस छापे मात्र शंभर मुलांत एकालाही मिळणे अवघड. म्हणजे ज्योतिषांतला पहिला नंबर नाण्यांतल्या पहिल्या नंबराहून काही विशेष नव्हता. वर्गात सत्तावीस नाणी जमवायला काही खर्च येत नाही, आणि संभाव्यतेचा पाठ एरवी जेवढा शुष्क होतो तेवढा तो राहत नाही.

प्रयोगाला मर्यादा होत्याच. आपणहून पुढे आलेले ज्योतिषी भाग घेणार, नामांकित मंडळी दूर राहणार, हे उघड आहे. आणि एवढ्याने फलज्योतिषाचा प्रत्येक दावा तपासला गेला असेही नाही. निकाल २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला, तेव्हा पद्धत सगळ्यांसमोर मांडलेली होती. ज्याला पटत नसेल त्याने अधिक पत्रिका घेऊन पुन्हा करावा. इंद्राणीदेवींना कथेत जे मिळाले नाही, ते इथे ज्योतिषांना मिळाले : चाचणीत स्वतः भाग घेण्याची जागा.

मुले सही मागायला आली की नारळीकर त्यांना सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. आयुकात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शालेय मुलांसाठी व्याख्याने सुरू झाली, पुढे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या ‘पुलस्त्य’ या इमारतीत मुक्तांगण विज्ञान शोधिका आली, आणि तिथे अरविंद गुप्ता यांनी काडेपेट्या, सायकलच्या ट्यूब आणि टाकाऊ बाटल्यांतून विज्ञान मांडले. पुण्याबाहेरच्या शाळेला हे सर्व लांबचे आहे, हे आम्ही जाणतो. ज्योतिषाची चाचणी मात्र कोणत्याही गावात करता येईल अशा जातीची आहे.

पत्रिका मिळवणे अवघड असेल तर पंचांग घ्यावे. मृगापासून हस्तापर्यंत पावसाच्या नऊ नक्षत्रांची वाहने त्यात छापलेली असतात. वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस भरपूर, असा संकेत आहे. पाऊस मोजायला सरळ बाजूंचा, झाकण कापलेला डबा आणि पट्टी पुरे; डबा झाडाखाली वा पागोळीखाली ठेवू नये. पंचांगाचे भाकीत मेअखेरीस कागदावर लिहून लखोट्यात बंद करावे. ‘भरपूर’ म्हणजे किती मिलिमीटर, तेही पाऊस पडण्याआधीच ठरवून त्याच लखोट्यात घालावे. रोज डबा मोजणाऱ्या मुलाला वाहन माहीत नसावे. शेतकऱ्याच्या घरातली मुले ते ओळखतातच, तेव्हा हे काम करणारा मुलगा जरा शोधून निवडावा लागेल. लखोटा हस्त संपल्यावर उघडावा. एका शाळेच्या नऊच नोंदी होतात आणि तेवढ्या पुरत नाहीत : नऊपैकी सात किंवा अधिक उत्तरे बरोबर येणे नाण्यालाही शंभरातून नऊ वेळा जमते. तालुक्यातल्या दहा शाळांनी आपापले डबे ठेवले तर नव्वद नोंदी होतील. मात्र शेजारशेजारच्या गावांत पाऊस बहुधा एकाच वेळी पडतो, म्हणून त्या नव्वद नोंदींना नव्वद सुटी नाणी समजावे काय, हा प्रश्न गणिताच्या शिक्षकांकडे द्यावा.